रुंद चाकं, निळा कागद

चार खोकी दवाखान्यात येऊन पडली तेव्हा धाकटी एका गृहस्थांच्या अक्कलदाढेत गुंतली होती. सामान पोचवणाऱ्याने आधी घरचं दार वाजवलं, ते कुणी उघडलं नाही, म्हणून त्याने दुसरा पत्ता गाठला आणि पेशंट बसतात त्या खोलीत खोकी ओळीने लावून तो निघून गेला. एका खोक्याची बाजू फाटली होती. आतला टायर दिसत होता आणि औषधांच्या वासावर नव्या रबराचा वास चढला होता.

धाकटी हातमोजे काढत बाहेर आली. वाट बघत बसलेल्या एका आजोबांनी खोक्यांकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, हे कुणाच्या तोंडात बसवणार?"

"आ करून दाखवा, सांगते," ती म्हणाली, आणि लगेच आत जाऊन तिने थोरल्या बहिणीला फोन लावला. "ताई, आली गं चाकं! तुझी मापं काढायची हत्यारं घेऊन शनिवारी गॅरेजवर ये."

धाकटीची गाडी लाल, बुटकी आणि दोनच सीटची होती. नवऱ्याने तीत एकदा बसून बघितलं होतं आणि उतरल्यावर कंबर धरून, "छान आहे, लांबून," असा अभिप्राय दिला होता. तेव्हापासून दुसरी सीट सासूबाईंची झाली होती.

सासूबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी शिट्टी अजून पर्समध्ये असायची. देह भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. स्वतःच्या वजनावरचे विनोद त्या स्वतःच करत, दुसऱ्याला संधीच देत नसत. "मी लिफ्टमध्ये शिरले की आतले दोघं बाहेर पडतात," त्या सांगायच्या. "लोकांना अजून शिष्टाचार आहे हो."

दरवर्षी गावाबाहेरच्या एका मोकळ्या पटांगणात गाड्यांची एक स्पर्धा होत असे. रबराचे शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता तयार करायचे. गंमत अशी की त्या रस्त्याचा नकाशा फक्त शेजारी बसणाऱ्याला मिळायचा. चालवणाऱ्याने नुसतं ऐकायचं. गेल्या वर्षी धाकटी तिच्या एका दंतवैद्य मैत्रिणीला घेऊन गेली होती. पण दातांच्या डॉक्टरांची उजवी म्हणजे समोर बसलेल्या पेशंटची उजवी. गडबडीत मैत्रीण सगळं उलटं सांगत गेली आणि दोघी शेवटी परीक्षकांच्या चहाच्या टेबलापाशी पोचल्या. भरीस भर म्हणून प्रत्येक वळणावर गाडीची मागची बाजू घसरत होती, कारण टायर अरुंद होते.

यंदा टायर रुंद होणार होते आणि नकाशा सासूबाईंच्या हातात असणार होता. महिनाभर रोज जेवणं झाली की टेबलावर पेले आणि मिठाची बरणी मांडली जायची. धाकटी हातात ताट धरून ते स्टिअरिंगसारखं फिरवायची आणि सासूबाई ओरडायच्या, "डावी! अजून डावी! आता सोड! उजवी!" शेजाऱ्यांनी एकदा बेल वाजवून विचारलंही होतं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

"आई, तुम्ही नसाल तर मी उतरणारच नाही शर्यतीत," धाकटी म्हणायची.

"मी नसेन कशाला? चांगली धडधाकट आहे. जरा जास्तच आहे."

थोरली शनिवारी सकाळी गॅरेजवर पोचली. ती भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होती. भिंगाच्या वक्रतेत केसाएवढा फरक असला तरी तिला झोप लागत नसे, असं धाकटी सांगे. थोरली त्यावर काही बोलत नसे. ती एकूणच कमी बोलायची. चहात साखरसुद्धा ती चमचा सपाट करून घ्यायची.

गॅरेज एका गल्लीच्या टोकाला होतं, लांबट आणि चिंचोळं. मिस्त्री पंचेचाळिशीचा होता. काहीही विचारलं की त्याचं पहिलं उत्तर "सावकाश" असायचं, म्हणून घरात त्याचं नावच सावकाश पडलं होतं. तो सासूबाईंचा विद्यार्थी. त्या आत आल्या की त्याची पाठ अजूनही आपोआप ताठ होई.

"बाई, बसा ना," त्याने स्टूल पुसून पुढे केलं.

सासूबाईंनी स्टूल नीट न्याहाळलं. "हे माझी जबाबदारी घेईल का रे?"

"घेईल बाई. इंजिन ठेवतो मी त्यावर."

"बघा, इंजिनाच्या पंक्तीला बसवलं मला," असं म्हणून त्या बसल्या.

थोरलीने कामाला सुरुवात केली. नवं चाक जुन्यापेक्षा दीड इंच रुंद होतं. म्हणजे दोन्ही अंगांना पाऊण पाऊण इंच वाढणार हे उघड होतं. पण त्याची बैठकही वेगळी होती. चाक जिथे बोल्टने आवळतात ती चकती चाकाच्या बरोबर मध्यावर नसते, थोडी बाहेरच्या अंगाला असते. नव्या चाकात ती जुन्याइतकी बाहेर नव्हती, म्हणून ते चाक आणखी थोडं बाहेर येणार होतं. थोरलीने हिशोब केला. मडगार्डच्या बाजूला चोवीस मिलिमीटर, आतल्या बाजूला चौदा. मग ती जमिनीवर पालथी झोपून आत किती जागा आहे ते मोजू लागली.

पुढच्या चाकांचं माप दोन्ही बाजूंनी घेतलं, कारण स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून बघायचंच होतं. मागे मात्र उजवी बाजू भिंतीला लागून होती, तिथे चाक बदलण्यापुरती जागा होती, पण पालथं झोपून मोजणं कठीण. थोरलीने डावीकडचं मोजलं. मडगार्डची आतली कडा बोटाने चाचपली. ती कडा खाली लोंबत नव्हती. आधीच्या मालकाने कधीतरी ती आत दाबून सपाट करून घेतली होती.

"कडा लाटलेली आहे," ती म्हणाली.

"मग झालं की काम," मिस्त्री म्हणाला. कडा आत दाबून सपाट करण्याला गॅरेजात लाटणं म्हणतात. "सहा मिलिमीटर सुटतात ना?"

"साडेसहा."

"डॉक्टर, तुमच्या ताई अर्धासुद्धा सोडत नाहीत."

जुनी चाकं उतरली. त्यांच्या टायरना भेगा पडल्या होत्या. स्पर्धेच्या तपासणीत ते चालणारच नव्हते, म्हणून परतीचा रस्ता तसाही बंद होता. मिस्त्रीने नवी चाकं चढवली, बोल्ट आधी हाताने आवळले, मग समोरासमोरचे एकेक करत पान्याने. पाना ठरल्या ताकदीला "टक्" असा आवाज करी आणि दर आवाजाला सासूबाई मान डोलवत.

जॅक काढला आणि गाडी खाली बसली. सगळे चार पावलं मागे सरकले. तीच गाडी, पण बाळसं धरलेली. मागून बघितलं तर कुणी कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, "या आता कोण येतंय ते," म्हणत उभं असावं तशी.

"माझ्यासारखी दिसायला लागली," सासूबाई म्हणाल्या. त्यांना गाडी फार आवडली.

धाकटीने एकटीने गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत सरळ नेली आणि सरळ मागे आणली. काही आवाज नाही. तपासणीचा नियम असा होता की दोन्ही माणसं आत बसलेली असताना गाडी वळवून, दाबून बघायची. टायर कुठेही घासता कामा नये. घासला तर गाडी बाहेर. म्हणून सासूबाई बसल्या. पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली, डावीकडे वळली आणि तिथल्या गतिरोधकावर चढली.

खर्र.

दोघी परत आल्या तेव्हा काच खाली होती आणि धाकटीचा चेहरा उतरलेला होता. "ऐकू आलं का?"

सगळ्यांनाच आलं होतं. मिस्त्री डाव्या चाकापाशी बसला आणि त्याने आत बोट घातलं. सासूबाई अजून आतच होत्या. त्याच्या तोंडून निघून गेलं, "इथे लाटायला काही उरलेलंच नाही. आता वजनच कमी करायला हवं."

बोलल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. तो उभा राहिला, पाठ ताठ करून, शाळेत उभा राहायचा तसा. "बाई, म्हणजे… मी गाडीचं म्हणत होतो."

"अरे, बरोबरच आहे तुझं." सासूबाईंनी पट्टा सोडला. या वेळी विनोद लगेच आला नाही. त्या उतरल्या, साडी नीट केली आणि मग म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या ताईला बसव शेजारी. हिचं वजन म्हणजे नुसती चष्म्याची काच. मी बाहेर उभी राहून शिट्टी वाजवीन."

"काकू, मला डावं-उजवं पटकन सुचत नाही," थोरली म्हणाली. ते खरं होतं. पण ती हेसुद्धा मनात मोजत होती की सासूबाईंच्या वजनाने मागचा भाग फार तर दोन मिलिमीटर दबेल. वळताना आणि उंचवट्यावर आणखी थोडा. साडेसहा संपायला नको होते. हिशोब जुळत नव्हता.

"मी जाणारच नाही," धाकटी म्हणाली.

"वेडेपणा करू नकोस. पेले-बरण्यांना काय सांगू मी?"

कुणीच हसलं नाही. सासूबाई स्टुलावर जाऊन बसल्या आणि पर्सची चेन उघडझाप करू लागल्या. त्या पर्समध्ये, नकाशा धरायला म्हणून, त्यांनी पुठ्ठ्याची एक पाटी चिमट्यासकट तयार करून आणली होती. ती जराशी बाहेर डोकावत होती.

धाकटीने ती पाटी बघितली. मग ती दवाखान्यात बोलते त्या आवाजात म्हणाली, "थांबा. आवाज मागून आला एवढंच आपल्याला माहीत आहे. पेशंट खालची दाढ दाखवतो आणि किडलेली असते वरची. म्हणून मी कुणाच्या सांगण्यावरून दात काढत नाही. आधी बघते."

तिने डिकीतली बॅग आणली. त्यातून गुलाबी मेणाचे पातळ पत्रे निघाले आणि निळ्या कागदाची एक डबी. नवा दात बसवला की तो कुठे उंच लागतो हे बघायला तिच्याकडे पेशंटना असाच कागद चावायला देतात. जिथे दात टेकतो तिथे निळा ठिपका उमटतो.

"गाडीला चावायला लावणार?" मिस्त्रीने विचारलं.

"लावणार. आ कर म्हणायचीसुद्धा गरज नाही, तोंड उघडंच आहे."

मेण हातात धरून मऊ केलं आणि मागच्या दोन्ही मडगार्डच्या आतल्या कडेवर दाबून बसवलं. त्यावर निळा कागद. उजवीकडे जागा व्हावी म्हणून मिस्त्रीने गाडी भिंतीपासून पुढे घेतली. थोरलीने टायरवर खडूच्या रेघा ओढल्या, तेवढंच आपल्या बाजूने.

"आई, बसा."

"पुन्हा वजनकाट्यावर?"

"पुन्हा. शेवटचं."

सासूबाई बसल्या, पण या वेळी अशा बसल्या जणू कमी जागा घेतल्याने काही वाचणार होतं. खांदे आवळून, पर्स पोटाशी धरून. गाडी गेली, डावीकडे वळली, गतिरोधकावर चढली. खर्र. मागे आली.

धाकटी आधी डाव्या बाजूला वाकली, सासूबाईंच्या बाजूला. हलक्या हाताने तिने मेणाची पट्टी सोडवली आणि उजेडात धरली. गुलाबी, गुळगुळीत. निळा ठिपका नाही, ओरखडा नाही. खडूची रेघसुद्धा जशीच्या तशी.

मग ती उजवीकडे गेली. तिथली पट्टी अर्धी फाटली होती आणि उरलेल्या अर्ध्या भागावर निळा पट्टा उठला होता, एखाद्या शाळकरी मुलाने शाई सांडावी तसा.

सासूबाई एव्हाना उतरून मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी एक पट्टी बघितली, दुसरी बघितली. "ही उजवी कुणाची बाजू?"

"माझी," धाकटी म्हणाली.

"म्हणजे चालवणाऱ्याची."

"हो."

"म्हणजे घासतंय ते तुझ्या बाजूला."

"हो आई."

सासूबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सूनबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "वजनाकडे जरा लक्ष दे हं."

मिस्त्री इतका हसला की त्याला पान्याचा आधार घ्यावा लागला. धाकटी गाडीच्या छतावर डोकं टेकून हसत होती. थोरली मात्र उजव्या चाकापाशी गुडघ्यावर बसून आत हात फिरवत होती. ही कडा सपाट नव्हती, खाली लोंबत होती.

"मी एकच बाजू मोजली," ती म्हणाली. "दुसरी तशीच असेल असं धरून चालले."

"ताई, तू कधी कुणाचं तोंड नीट बघितलं आहेस का? डावी बाजू उजवीसारखी असलेला माणूस मला अजून भेटायचाय."

"भिंगं सारखी असतात."

"भिंगांना कुणी धडकत नाही," मिस्त्री म्हणाला. त्याने खिशातून चुंबक काढून मडगार्डवर टेकवला. पुढे तो चिकटला, चाकाच्या वर मात्र घसरून त्याच्या हातात पडला. "इथे पत्र्यावर पुट्टीचा थर भरला आहे. कधीतरी मार बसलाय. पत्रा नवा जोडला आणि कडा लाटायची राहून गेली."

डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो, त्यात गतिरोधक. एवढंच झालं होतं. धाकटी एकटी होती तेव्हा ती सरळ गेली होती, म्हणून तेव्हा आवाज आला नाही. थोरलीने हे दोन वाक्यांत सांगितलं. सासूबाईंनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं, ऐकायला बरं वाटतं म्हणून.

"आता लाटता येईल ना?" धाकटीने विचारलं.

"सावकाश," मिस्त्री म्हणाला. या वेळी त्याला खरोखर तेच म्हणायचं होतं. पत्रा वाकेल, पण त्याच्यावरची पुट्टी ताठ असते. घाई केली तर रंगासकट तडकणार. आधी गरम हवेने भाग तापवायचा, मग कडेवरून रूळ थोडा फिरवायचा, थांबायचं, पुन्हा तापवायचं.

चाक काढून त्याने तिथे लांब दांड्याचा रूळ बसवला. गरम हवेचं यंत्र धाकटीने धरलं. थोरलीने पाठीमागून पत्र्याचं तापमान बघायला स्वतःच्या हाताची पालथी बाजू लावली, कारण तिचं यंत्र कारखान्यात राहिलं होतं. "आता," ती म्हणायची. पण मिस्त्रीला ते ऐकू जात नसे, इतका हवेचा आवाज होता.

तेव्हा सासूबाईंनी पर्समधून शिट्टी काढली.

एक शिट्टी, रूळ पुढे. दोन शिट्ट्या, थांब. थोरली बोट वर करायची, सासूबाई शिट्टी फुंकायच्या, मिस्त्री दांडा ओढायचा, धाकटी हवा फिरवायची. "गुडघे वाकव रे, पाठीतून ओढू नकोस," सासूबाई मध्येच सांगायच्या. "अजूनही तशीच चूक करतोस." समोरच्या वर्कशॉपमधला माणूस हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहिला. त्याला वाटलं कसली तरी कवायत चालली आहे. ते काही खोटं नव्हतं.

कडा हळूहळू आत गेली. शेवटच्या वितीला एक बारीक "टिक्" झालं आणि सगळे थिजले. धाकटीने बॅटरी लावून बघितलं. रंगात पापणीच्या केसाएवढी भेग.

"कीड नाही," ती म्हणाली. "तात्पुरती फिलिंग करू. सहा महिन्यांनी दाखवायला घेऊन या."

थोरलीने जागा मोजली. उजवीकडची आणि, कुणी सांगायच्या आत, डावीकडचीसुद्धा. मग चाक चढलं, मेणाच्या नव्या पट्ट्या लागल्या आणि सासूबाई पुन्हा आत बसल्या. या वेळी ऐसपैस, कोपर खिडकीबाहेर काढून. गल्ली, डावं वळण, गतिरोधक. मग त्या लाडाने म्हणाल्या, "पुन्हा एकदा." मग आणखी एकदा, उगीचच.

दोन्ही पट्ट्या कोऱ्या निघाल्या.

"मघाची कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्या बाजूची, पहिली?" मिस्त्रीने ती कचऱ्याच्या डब्याच्या काठावरून उचलून फडक्याने पुसून दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

रविवारी पटांगणात ऊन होतं आणि गाड्यांची लांब रांग. तपासणीला दोन तरुण होते. एकाने गाडीच्या मागच्या बाजूला बघितलं, मग सासूबाईंकडे, मग पुन्हा गाडीच्या मागच्या बाजूला. तो सभ्य मुलगा होता, शब्द शोधत राहिला. "टायर बरेच रुंद आहेत. दोघी बसल्यावर… म्हणजे डावीकडे जरा…"

सासूबाईंनी पर्स उघडली, रुमाल सोडला आणि गुलाबी पट्टी खिडकीतून त्याच्या हातात दिली. "निळं कुठे दिसतंय का बघ."

त्याने पट्टी उलटी-सुलटी करून बघितली. "हे काय आहे?"

"माझं सर्टिफिकेट. परत दे."

मग दोघांनी मिळून गाडीची मागची बाजू दाबली, गाडी वळवून बघितली, एका कोपऱ्याखाली फळी घालून बघितली. कुठेच काही टेकलं नाही. समोरच्या काचेवर हिरवा कागद चिकटला.

तारेच्या कुंपणाबाहेर थोरली आणि मिस्त्री उभे होते. निशाण पडलं, लाल गाडी सुटली आणि तिच्याबरोबर सासूबाईंचा आवाज. इतरांच्या गाड्यांतून काही ऐकू येत नव्हतं, या गाडीतून सगळं ऐकू येत होतं. "डावी! धर! आता सोड, सोड! उजवी, छोटी उजवी! शाब्बास!" मागची बाजू घसरली नाही. रुंद टायर जमीन चावून धरत वळत होते आणि वळणावळणाला थोरलीचा कान आपोआप मागच्या उजव्या चाकाकडे लागत होता. एक शंकू पडला. तो सासूबाई "शाब्बास" म्हणत असताना, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मिस्त्री कुंपणाला धरून, पाठ ताठ करून उभा होता. "पाचवीत मी असाच धावायचो," तो म्हणाला. "मागून बाईंचा आवाज आला की थांबायची हिंमतच व्हायची नाही."

नंबर सातवा आला. सासूबाई गाडीतून उतरायला तयार नव्हत्या. निकाल त्यांनी सीटवरूनच ऐकला, पाणी सीटवरूनच प्यायल्या आणि परत जातानाही, थोरलीला जागा द्यावी का असं धाकटीने विचारल्यावर, "ती मिस्त्रीच्या टेम्पोतून येईल, तिला मापं घेता येतील," असं सांगून पट्टा आवळला.

संध्याकाळी इमारतीच्या लिफ्टमध्ये दोन शेजारी आधीच उभे होते. सासूबाई आत शिरल्या, मागून दोघी बहिणी. शेजाऱ्यांनी सवयीने बाहेर पाय टाकला.

"राहा हो, राहा," सासूबाई म्हणाल्या आणि बटण दाबलं. "काही घासलंच, तर ते तुमच्या बाजूचं असेल."